गाळलेली षष्ठी

तिथीमास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नाही, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. त्याला कारण त्यांचा स्वभाव. साधं ‘आज वार कोणता’ एवढं विचारलं, तरी ते आधी ‘वाजले किती’ ते विचारणार. पहाटेचे पाच वाजले असतील आणि सूर्य उगवायचा असेल, तर घड्याळाच्या लेखी मंगळवार लागून पाच तास झालेले असतात, पण मास्तरांचा सोमवार अजून संपलेला नसतो. दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मध्यरात्री नुसते घड्याळाचे काटे एकावर एक येतात, हे त्यांचं ठाम म्हणणं. यावरून त्यांची दूधवाल्याशी एकदा चांगलीच जुंपली होती. शेवटी दूधवाला म्हणाला, “मास्तर, सोमवार तुमच्याकडे ठेवा, पण पातेलं पुढे करा. दूध मंगळवारचं आहे.”

मास्तरांनी बेचाळीस वर्षं एका छोट्या छापखान्यात काढली. छापखाना एरवी पावतीपुस्तकं, जाहिराती असलं सटरफटर छापायचा, पण त्याला ओळखायचे ते पंचांगामुळे. आलेलं गणित तपासायचं, घटी-पळांची तास-मिनिटं करायची, आणि छपाईआधीचं शेवटचं प्रूफ वाचायचं, हे मास्तरांचं काम. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पानात चूक सापडणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई सापडणं, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. मास्तर ते ऐकायचे आणि मान खाली घालून पुढचं पान ओढायचे. लोकांना वाटायचं, केवढा विनय!

समजावून सांगायची मात्र त्यांना भारी हौस. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी झाली. आता चंद्र काही पगारी नोकर नव्हे, रोज सारखाच चालायला. कधी पळतो, कधी रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते, एखादी सव्वीस तास रेटते. सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची. आणि जी बिचारी एका सूर्योदयानंतर लागून दुसऱ्याच्या आत संपते, तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. इथवर आलं की मास्तरांचा आवाज जरा खाली यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, विषयाबद्दलचा आदर असेल. तसं काही नव्हतं. त्यांना आपली बहीण आठवायची.

बहिणीला सगळे बेबी म्हणतात. वय साठ, केस पांढरे, दोन्ही गुडघे गेलेले, तरी बेबीच. “नाव बदलून देणारा कुणी भेटलाच नाही,” असं ती स्वतःच हसत सांगते, आणि मास्तर अशा वेळी पाणी प्यायला उठतात. तिने जन्मभर अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा केली. लोकांच्या घरी जायचं, म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, त्यांच्या शिव्या खायच्या आणि त्यांना हसवून यायचं. “मी आतापर्यंत एकवीस आया आणि नऊ वडील सांभाळले,” असं ती सांगते. मास्तरांची बायको वारल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ही बहीणभावंडंच राहतात. मुलगा दूर नोकरीला, रविवारी फोन करतो. मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्यात एक डोळा सुधारला आणि दुसरा हट्टाला पेटला, तेव्हापासून त्यांचं वाचन बेबीच करते. वर्तमानपत्र, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं. भांडत भांडत, पण करते.

गेल्या महिन्यात मालकांची सून जिना चढून आली. ती छापखान्याची जुनी पंचांगं कॉम्प्युटरवर घालत होती. एक जाडजूड फाईल तिने मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “काका, कॉम्प्युटर सगळं गणित नव्याने करतो आणि आपल्या छापील पंचांगाशी ताडून बघतो. जिथे फरक पडला ते सगळं यात आहे, वर्षवार. चुका काढायच्या नाहीत हं. फक्त प्रत्येकापुढे कारण लिहून द्या. गणिताची पद्धत वेगळी होती, की छपाईची चूक, एवढंच.”

“अहो, किती वर्षांचं आहे हे?” बेबीने विचारलं.

“बेचाळीस. काकांची सगळी कारकीर्द.”

“बघ दादा, तुझं प्रगतिपुस्तक आलं,” बेबी म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. बेचाळीस वर्षांमध्ये एक वर्ष असं होतं, ज्याचं कारण त्यांनी कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिचं सगळं बेबी करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, खालची चादर काढणं, चमच्याने भरवणं. घरात मास्तरांची बायको होती, पण तिची कंबर बाळंतपणात धरलेली, तिला साधी बादली उचलवत नसे. राहिले मास्तर. मास्तर धडधाकट होते, आईवर त्यांचा जीव होता, आणि त्या आठ महिन्यांत त्यांनी एकदाही तिची चादर बदलली नव्हती. त्या खोलीचा वास आला की त्यांना मळमळायचं. सकाळी दारातूनच ‘आई, बरं आहे ना’ म्हणायचं आणि छापखाना गाठायचा. संध्याकाळी रेंगाळत यायचं. कुणी विचारलंच तर काय, पंचांगाचं काम होतंच.

त्यात बेबीचं लग्न ठरलं. मुलगा जमिनीची मोजणी करणारा होता, घरात सगळे त्याला मोजणीदारच म्हणायचे. शांत, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. चैत्र संपेपर्यंत तो लांबच्या एका कामावर अडकलेला होता, आणि त्यानंतर त्याला परदेशात चार वर्षांचं काम मिळालं होतं. एक जूनला तिथे हजर व्हायचं. म्हणजे लग्न व्हायचं तर वैशाखातच. बेबी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आईच्या खाटेजवळ बसून ती चक्क गुणगुणायला लागली होती.

पुढच्या वर्षाचं पंचांग तेव्हा छापखान्यात तयार होत होतं. मास्तरांनी वैशाखाचं पान उघडलं. शुक्राचा अस्त. शुक्र सूर्याच्या जवळ जाऊन दिसेनासा झाला की तो पुन्हा दिसेपर्यंत लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत. तो वद्य प्रतिपदेला उगवत होता, पण उगवल्यावरही तीन दिवस त्याला बाल समजायचं, म्हणजे तेही गेले. वैशाख संपला की लगेच अधिक ज्येष्ठ. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं, ती तूट भरायला तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जास्तीचा येतो, आणि त्या महिन्यात लग्नं होत नाहीत. तो थेट जूनच्या मध्यापर्यंत. या सगळ्या अटींच्या फटीत एकच दिवस उरत होता. वैशाख वद्य षष्ठी, नक्षत्र उत्तराषाढा, वार गुरुवार, मे महिन्याची सात तारीख.

टळटळीत दुपार होती. समोर जुळारी खिळे जुळवत बसला होता, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं वेचून ओळी लावत होता. मास्तरांच्या हातात लाल पेन्सिल होती. त्यांच्या डोळ्यांपुढे आईची खोली आली, आणि त्या खोलीत बेबी नव्हती. एकच वर्ष, त्यांनी स्वतःला सांगितलं. मोजणीदार भला माणूस आहे, एक वर्ष थांबेल, सुट्टी काढून येईल. तोवर आईचं काय ते होईल. ‘काय ते’ म्हणजे काय, हा विचार त्यांनी पुढे जाऊ दिला नाही. त्यांनी षष्ठीवर रेघ मारली. पण मुहूर्त दोन ठिकाणी छापतात, एकदा महिन्याच्या पानावर आणि एकदा शेवटच्या यादीत. मास्तरांनी पानं उलटली, यादी काढली आणि तिथेही रेघ मारली. नजरचूक एका ठिकाणी होते. दुसऱ्या रेघेला दुसरं नाव आहे, आणि ते मास्तरांना त्याच क्षणी ठाऊक होतं.

जुळारी सरळमार्गी माणूस. प्रूफ हातात घेऊन उभा राहिला. “मास्तर, हा दिवस काढायचा? गणितात तर आहे.”

“सूक्ष्म गणितात बसत नाही. काढ,” मास्तर म्हणाले.

सूक्ष्म म्हटल्यावर जुळारी काय बोलणार? त्याने चिमट्याने ती ओळ उपसली आणि एकेक खिळा आपापल्या खणात टाकला. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि खाऊन वर ढेकरही दिला नाही.

चैत्रात मोजणीदार दोन दिवसांची सुट्टी काढून मास्तरांकडे आला. त्याने पिशवीतून आपल्या घरचं पंचांग काढलं, वेगळ्या छापखान्याचं. पंचांगापंचांगांत फरक असतो, प्रत्येक घर आपल्याच पंचांगाला धरून चालतं, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने पान उघडून बोट ठेवलं. “आमच्याकडे सात तारीख दिली आहे,” तो म्हणाला.

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी पानाकडे बघितलं. “आमच्यात नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका स्थिर होता की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

तेवढ्यात बेबी ओल्या हातांनी आतून बाहेर आली. “दादा स्वतः तपासतो,” ती मोजणीदाराला म्हणाली, “त्याच्या पंचांगात नाही म्हणजे तो दिवस नाही. उगाच नसत्या दिवशी संसार मांडायचा आणि पुढे काही झालं तर? आपण वर्षभर थांबू. मी थांबते.”

मोजणीदार तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. ही टाळते आहे की हिला खरंच तसं वाटतं, ते त्याला कळेना, हे मास्तरांना कोपऱ्यातून स्वच्छ दिसत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मास्तर गप्प बसले. मोजणीदार गेला, तिकडून त्याची दोन पत्रं आली, तिसरं आलं ते त्याच्या बहिणीचं, त्याने तिकडेच लग्न केल्याचं. आई त्यानंतर पाच वर्षं जगली. पाचही वर्षं बेबीनेच केलं तिचं.

तर आता ही फाईल. रोज जेवण झालं की बेबी चष्मा लावून खिडकीशी बसायची, दोन-दोन वर्षं वाचायची, मास्तर कारण सांगायचे, ती समोर लिहायची. ‘सूर्योदय दुसऱ्या गावचा धरला.’ ‘जुनं कोष्टक.’ ‘शाई फुटून तीनचा आकडा आठ झाला.’ मास्तर बोटांवर मोजत होते. गुरुवारी ते वर्ष येणार. खाई त्याला खवखवे म्हणतात, मास्तरांना तर जेवण जाईना. मंगळवारी डोळा दुखतो म्हणून सांगून बघितलं. “दुखू दे, वाचायला माझे आहेत,” बेबी म्हणाली. बुधवारी ती औषधं आणायला खाली उतरली, तेव्हा मास्तरांनी फाईल उघडली, एका डोळ्याने वर्षाचा आकडा चाचपला, तो कागद ओढून काढला आणि गादीखाली सरकवला. आणि सत्तर वर्षांचा माणूस चोरट्या पोरासारखा पुन्हा जागेवर येऊन बसला.

गुरुवारी सकाळी बेबी चादरी झटकायला आली. “दादा, वाचून झालेलं वर्ष गादीखाली काय करतंय?”

पाचाचा आकडा सहाचा वाटला होता. ज्या माणसाने बेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासले, त्याला चोरी करतानाही आकडा नीट वाचता आला नाही. “सरकला असेल,” मास्तर पुटपुटले.

दुपारी तिने ते वर्ष काढलं. पहिल्या दोन नोंदी साध्या होत्या. तिसऱ्या नोंदीला ती थांबली.

“वैशाख वद्य षष्ठी,” तिने वाचलं. “विवाह मुहूर्त. नव्या गणिताप्रमाणे येतो, छापील पानावर नाही.” मग तिने वरचं वर्ष पुन्हा बघितलं. “दादा, हे ते वर्ष ना रे?”

“कोणतं?”

“वेड पांघरू नकोस. ते सात तारीख म्हणत होते, ते.”

मास्तरांनी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली. त्यांनी मनाशी दहा उत्तरं तयार करून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना, आणि तोंडातून जे निघालं ते दहांतलं सगळ्यात नीच होतं. “जुळाऱ्याची नजरचूक,” ते म्हणाले. “ओळ गळली असणार.”

जुळारी वारून अकरा वर्षं झाली होती. तो काही सांगायला येणार नव्हता.

बेबीने ते लिहिलं. नीट, सावकाश लिहिलं. मग पुढची ओळ वाचली. “‘शेवटच्या यादीतूनही हाच दिवस गळला आहे.’ बघ. एकाच माणसाची एकाच दिवसावर दोनदा नजर चुकावी! माझंच नशीब.” ती हसली, पण चष्मा काढून पदराने पुसायला लागली आणि पुसतच राहिली. “मुहूर्त होता म्हणजे. त्यांना खोटं ठरवलं मी. माझ्या दादाच्या पंचांगात नाही म्हणजे नाही, असं तोंडावर सांगितलं. तुला आठवतं?”

“आठवतं,” मास्तर म्हणाले.

“तुझी काय चूक त्यात. तू तरी किती ठिकाणी बघणार?” तिने फाईल मिटली. “आज इथेच थांबू या.”

मास्तरांनी इतकी वर्षं शिक्षेची वाट बघितली होती. ती म्हणजे आरडाओरडा, शिव्याशाप, असंच काहीतरी असेल असं त्यांना वाटायचं. बहीण आपली समजूत घालेल आणि आपण ती घालून घेऊ, हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं. संध्याकाळी बेबी जुळाऱ्याबद्दलच बोलत राहिली. त्याच्या सुनेच्या आईची शुश्रूषा तिने केली होती. “कधी भेटली तर सांगणार नाही तिला,” ती म्हणाली, “मेलेल्या माणसाला कशाला बोल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबी खुर्चीत बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. मास्तर तिच्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले. सूर्योदय होऊन तासभर झाला होता, तिथी कोणती होती ते त्या दिवशी त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“ती चूक जुळाऱ्याची नाही. मी काढला तो दिवस,” ते म्हणाले. “लाल पेन्सिलीने. दोन्हीकडून.”

बेबीचा हात गुडघ्यावर थांबला. मास्तर बोलत गेले. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. आईची खोली, चादर, वास, एक वर्षाचा हिशेब, सूक्ष्म गणित, सगळं सांगितलं. क्षमा कर असं म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं. पण बेबीच्या तोंडाकडे बघितल्यावर तो शब्द उच्चारायचा धीर झाला नाही.

बेबीने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं.

“चौतीस वर्षं मी शुक्रावर चिडून आहे, दादा,” ती म्हणाली. “आकाशात दिसला की तोंड फिरवायची. बिचारा शुक्र.” मग जरा वेळाने, “जुळाऱ्याने विचारलं नव्हतं तुला?”

“विचारलं होतं.”

“मग काल मला त्याचं नाव लिहायला लावलंस?”

“हो,” मास्तर म्हणाले.

“आईसाठी एखादी बाई ठेवता आली असती. मी पुढे जायला लागले तशा लोकांकडे जाणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. मला म्हणाला असतास, बेबी, मला हे जमत नाही, तर मी शोधून देऊन गेले असते. तू मला विचारलंच नाहीस. मला काय, तू पंचांगालाच गप्प केलंस.” तिचा आवाज चढला आणि तिथेच तुटला. ती रडली. थोडंच, पण आवाज करून. मास्तर उठून जवळ गेले, तर तिने हाताने लांब व्हायची खूण केली.

डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, “किती प्रती निघायच्या तेव्हा?”

“अठरा हजार.”

“अठरा हजार घरं. त्या वैशाखात तो एकच दिवस होता म्हणालास ना? मग माझ्यासारख्या आणखी किती जणी असतील रे, त्या दिवसाच्या?”

मास्तरांनी वर बघितलं. चौतीस वर्षं त्यांनी हे पाप उराशी बाळगलं होतं, रोज उलटंपालटं करून बघितलं होतं, त्याचा कोपरा न् कोपरा आपल्याला पाठ आहे अशी त्यांची समजूत होती. पण हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. अठरा हजार भिंतींवर ते पंचांग टांगलेलं होतं. कुठे कुणाचा बाप बोट फिरवत वैशाखाच्या पानावरून खाली आला असेल, आणि ‘नाही गं’ म्हणून पान सोडून दिलं असेल.

“छपाईत चूक झाली तर तुम्ही लोक काय करता?” बेबीने विचारलं.

“पुढच्या अंकाला शुद्धिपत्र जोडतात. अमुक पानावर अमुक चुकीचं, त्याऐवजी असं वाचावं.”

“मग लिही. या वर्षीच्या पंचांगाला लावायचं. मी लिहिणार नाही, तूच लिही.”

“बेबी, चौतीस वर्षांपूर्वीचं शुद्धिपत्र कोण वाचणार आहे?”

“जिचा दिवस होता ती वाचेल. एक जरी असली तरी वाचेल.”

मास्तरांनी कागद घेतला, भिंग घेतलं. कागदावर पुढे वाकून, एक डोळा मिटून, त्यांनी मोठाल्या अक्षरांत वर्ष लिहिलं, पान लिहिलं. ‘वैशाख वद्य षष्ठी, गुरुवार, ७ मे, हा विवाह मुहूर्त गाळला गेला आहे, तो शुद्ध होता.’ बेबीने वाचलं.

“गाळला गेला नाही. कुणीतरी गाळला.”

त्यांनी ‘गाळला गेला आहे’ खोडून ‘मी गाळला’ केलं आणि खाली आपलं नाव घातलं. या नावावर मालकांच्या सुनेचा, गल्लीचा, सगळ्यांचा विश्वास होता.

“आता कारण.”

“शुद्धिपत्रात कारण द्यायची पद्धत नसते.”

“कालपर्यंत फाईलभर कारणं देत होतास ना? हेही दे.”

मास्तरांनी लिहिलं, ‘कारण: घरी आई आजारी होती.’ कागद तिच्याकडे दिला. तिने तो वाचून परत त्यांच्यापुढे ठेवला.

“हे खोड.”

“पण खरं आहे ते.”

“आई आजारी होती हे माझं कारण, दादा. मी त्यासाठी राहिले. तू आजारी नव्हतास आणि तू राहिलाही नाहीस. तुझं काय होतं ते लिही.”

मास्तरांनी भिंग उचललं आणि परत ठेवलं. खालून भाजीवाल्याची हाक येऊन गेली, शेजारच्यांचा पंप सुरू झाला आणि बंद झाला. मग त्यांनी ती ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिलं, ‘कारण: मला आईचं करायचं नव्हतं.’ चार शब्दांना त्यांना दहा मिनिटं लागली, अक्षरं वरखाली झाली. आयुष्यभर प्रुफं वाचली, पण स्वतःच्या हातचं इतकं शुद्ध त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

बेबीने कागद दोनदा वाचला. बरं केलंस म्हणाली नाही की माफ केलं म्हणाली नाही. घडी घालून तो पिशवीत ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि काठी घेतली.

“दे इकडे,” मास्तर उठले. “तुझे गुडघे दुखतात. मी नेऊन देतो छापखान्यात.”

“तू बस,” ती म्हणाली. “तुझ्या हातात नाही द्यायचा हा कागद. तू वाटेत खोडशील.”

मास्तर बसले. बेबी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली, आणि खाली पोहोचेपर्यंत तिचं प्रत्येक पाऊल त्यांना ऐकू येत होतं.